अंगोला शर्ट

आमची चौकी बर्फात होती आणि मी प्लाटून हवालदार होतो. हिवाळ्यासाठी प्रत्येक जवानाला अंगोला शर्ट मिळे. अंगोला म्हणजे लोकर आणि सूत मिळून विणलेले कापड. लोकर ऊब धरते, सूत घाम शोषते, आणि नुसत्या लोकरीसारखे ते टोचत नाही. आग लागली तर करपते, पण वितळत नाही. टेरिकॉटमधला कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. मी ते जवानांना शिकवतही असे.

त्या दिवशी १००० वाजता कमांडिंग ऑफिसरांचे इन्स्पेक्शन होते. ०७३० वाजता मी रांग तपासली. पाचोडचा शिपाई भागवत, माझ्याच जिल्ह्यातला, चुरगळलेल्या अंगोलात उभा होता.

“काढ तो. टेरिकॉट घाल. क्रीज दिसली पाहिजे.”

“उस्ताद, लई थंडी हाय. क्रीजच बघायची तर सायबाला इस्त्री दाखवा, मला कशाला उभं करता?”

रांग हसली. मी हसलो नाही. “शर्ट बदल.”

०८२० वाजता तो बंकरमधल्या बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीत, रॉकेल भरत होता. बुखारी पुरती विझली नव्हती. भडका उडाला. आम्ही घोंगड्या टाकून आग विझवली. बाही त्याच्या हातापासून सुटली नाही.

“कॅज्युअल्टी वन. बर्न्स. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर.”

“वेदर खराब. वेट. ओव्हर.”

तिसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत बुखारीबद्दल विचारले. शर्टाबद्दल कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्याच्या पेटीत अंगोला घडी घालून मीच ठेवला.

निवृत्तीनंतर मी मुकुंदवाडीत राहू लागलो. गावाची शेते तोवर कॉलन्यांखाली गेली होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात भट्टीजवळच्या कामगारांचे कपडे तपासणे हे माझे काम. पाचोडला जायला मात्र अकरा वर्षे लागली. त्या वर्षी पौषातच टँकर सुरू झाले होते. भागवतची आई रांगेत उभी होती. लुगड्यावर तोच शर्ट. कोपरावर एक ठिगळ. बाकी कापड शाबूत.

मी ओळख सांगितली. त्यांनी बाहीवरून हात फिरवला.

“लई टिकला बघा. ह्यो त्या दिशी त्याच्या अंगावर नव्हता व्हय?”

“धुवायला टाकला होता, आई.”

“नाय सायब. पेटीतून निघाला तवा त्याला त्याच्या घामाचा वास व्हता. म्या महिनाभर धुतला नाय.”

मग मी सगळे सांगितले, तिथेच, उभ्याने. त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले आणि रांग सरकली तशी घागर उचलली.

शिपाई भागवत, राहणार पाचोड. त्याचा अंगोला मी उतरवायला लावला. तो चुरगळलेला होता, एवढेच कारण.