ओकसोमचं राजकारण

हन्यांगच्या राजवाड्यात ओकसोमचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि डोकंही तसंच आहे असं तिला वाटे. थोरल्या राणीसाहेबांची, म्हणजे राजाच्या आईची, सगळी पत्रं तीच लिही. एकदा राजाच्या बायकोनं, धाकट्या राणीनं, तिला गुपचूप बोलावलं, मधाच्या वड्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, "आमच्या सासूबाई हल्ली काय लिहितात गं?"

दोन वड्या संपेपर्यंत ओकसोमनं इमान राखलं. तिसरीला बोलू लागली.

तेव्हापासून ती मान ताठ करून फिरायची. खोलीतली सोबतीण सुनदोक म्हणाली, "मानेत उसण भरलीय का गं?"

"तुला नाही कळायचं. हा वाडा कोण चालवतं, माहितीय?"

"तू तर नाहीसच. तुझं अंथरूण रोज मी गुंडाळते."

वसंतात थोरल्या राणीसाहेबांनी माहेरी पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं: 'आता कंटाळले. पौर्णिमेनंतर डोंगरातल्या मठात राहायला जाईन.' त्यांचा आवाज असा कापला की ओकसोमला रडू फुटलं. डोळे पुसून ती तडक धाकटीकडे गेली.

धाकटीला दम निघेना. दुसऱ्याच दिवशी सासूच्या मुदपाकखान्यातल्या जुन्या बायका काढून तिनं आपल्या बसवल्या. थोरल्या राणीसाहेब राजापुढे ढसाढसा रडल्या, "मी अजून जिवंत आहे रे, आणि माझी चूल परक्यांच्या हाती!" राजानं अंतःपुराचा कारभार बायकोकडून काढून आईला दिला. मठाचं नाव मग कुणी काढलं नाही.

तेव्हा कुठे ओकसोमच्या डोक्यात प्रकाश पडला. पत्र माहेरी जाणारच नव्हतं.

आता आपल्याला विषाचा प्याला येणार, म्हणून ती धुतलेले कपडे घालून, केस विंचरून तीन दिवस दाराकडे बघत बसली. चौथ्या दिवशी थोरल्या राणीसाहेबांचं बोलावणं आलं. ती पाया पडून रडू लागली, "अपराध झाला, राणीसाहेब!"

"कसला? सांगितलेलं लिहिलंस, लिहिलेलं पोचवलंस. शाई उगाळ."

शिक्षा करण्याइतकीही आपली किंमत नाही, हे तिला विषापेक्षा कडू लागलं. पण शाई तिनं उगाळली.

नऊ वर्षांनी थोरल्या राणीसाहेब वारल्या. धाकटीनं तिला पत्र लिहायला बोलावलं. ओकसोमनं कुंचला हातात घेत विचारलं, "हे लिहायचंय, की जाऊन सांगायचंय?"

राणी आधी चमकली, मग खदखदून हसली.