रोडग्यावरचं तूप

माझे बाबा बाभुळगावात सायकली दुरुस्त करायचे आणि तूप सोडून कशालाही ताकद म्हणायचे नाहीत. मी रोज सकाळी यवतमाळच्या रस्त्यानं धावायची, ते सायकलवरून मागे यायचे. यवतमाळला एकवीस किलोमीटरची शर्यत ठरली. पहिल्या तिघींना पुण्यात प्रशिक्षणाची जागा मिळणार होती. मला जगात तेवढं एकच हवं होतं.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी बजावलं होतं, आदल्या दिवशी भात, बटाटा, केळी खा. तेच धावताना पायांच्या कामी येतं. तेल-तूप पोटातून लवकर हलत नाही. मी घरी सांगितलं तर बाबा हसायलाच लागले. "भात त दुखणाईताले देतेत, माय. तुले धावाचं हाय का झोपाचं?"

रोडग्यांचा नवस आमच्याकडे काम झाल्यावर फेडतात. बाबांना तेवढा धीर कुठला! त्यांनी आदल्याच दिवशी शेजारपाजार बोलावला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले आणि माझ्या ताटातला रोडगा स्वतःच्या हातानं फोडून तुपात बुडवला. त्या हाताला नाही म्हणवलं नाही. आजही म्हणवणार नाही. सकाळी निघताना पुन्हा तोच, तुपात कुस्करून.

अर्ध्या वाटेपर्यंत मी दुसरी होते. मग पोटात दगड पडल्यासारखं झालं. रस्त्याच्या कडेला बसून ओकले, तुपाचा वास आला. उठले, पण पायांत जीव नव्हता. चौथी आले, आणि पुणं तिथंच संपलं.

बाबा शेवटच्या रेषेपाशी उभे होते, त्यांना यातलं काही दिसलं नव्हतं. सायकल टाकून धावत आले आणि माझ्या पोटऱ्या चोळत रडले. "तूप कमी पडलं, माय. म्याच हात आखडला."

आता मी पोरींना धावायला शिकवते. शर्यतीआधी कुणाच्या डब्यात तूप दिसलं की ओरडते, आणि मग मलाच रडू येतं.

गेल्या हिवाळ्यात बाबा दवाखान्यात होते. त्यांना मऊ भाताशिवाय काही चालत नव्हतं. मी भरवत होते. दोन घासांनंतर ते थांबले.

"त्या दिवशी तूप कमी पडलं न, माय?"

"नाही, बाबा. भरपूर होतं."

याहून खरं मी त्यांच्याशी कधी बोलले नसेन. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बापाचं मन राखून राह्यली," म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी घेतला नाही.