री-साइनमधली आडवी रेघ

सोमवारी सकाळी गेटवरच्या मशीनने शमीम आपांचा अंगठा घेतला नाही. त्यांनी तीनदा पुसून लावला, तरी लाल दिवा. सिक्युरिटीवाल्याने मला फोन केला. मी कॉम्प्युटर उघडला. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं : राजीनामा मंजूर.

जालन्याजवळच्या एका बियाणे कंपनीत मी एचआर क्लार्क आहे. शमीम आपा तिथल्या लॅबमध्ये अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होत्या. टेंभुर्णीहून यायच्या. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते पाहायचं, याला उगवण चाचणी म्हणतात. कुठला कोंब पुढे दगा देणार, हे त्या नुसतं बघून सांगायच्या.

कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवं करावं लागतं. यंदा पहिल्यांदाच फॉर्म ऑनलाइन आला, तोही इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी भरला. ‘री-साइन करायचं आहे’ असं लिहिलं. म्हणजे पुन्हा सही. या शब्दात ‘री’नंतर आडवी रेघ असते, तिला हायफन म्हणतात. रेघ काढली तर इंग्रजी अक्षरं तीच उरतात, पण शब्द होतो ‘रिझाइन’. म्हणजे राजीनामा.

रेघ मी दिली होती. पण त्या फॉर्ममध्ये अक्षरं आणि आकडे सोडून काही टिकत नव्हतं. सबमिट करताना ती गळाली. मी परत पाहिलं नाही.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, चूक माझी आहे. बाईंना राहायचंय.”

“लेखी काय आहे?”

“रिझाइन. पण खाली पुढच्या वर्षाच्या मुदतीवर टिक आहे. नोकरी सोडणारा माणूस ती कशाला करेल?”

त्यांनी फॉर्म उघडून ती टिक पाहिली. मग म्हणाले, “लॅबमधून एक जण कमी करा, असं हेड ऑफिस कधीपासून म्हणून राह्यलंय. आता कुणाला काढायची गरज न्हाई. विषय संपव.”

शमीम आपा गेटवरच्या बाकावर बसून होत्या. मी सगळं सांगितलं. कागदावर दोन्ही शब्द काढून दाखवले. त्या त्या रेघेकडे बघत राहिल्या.

“भाऊ, मी तं सही कराया आल्ते. तुम्ही म्हणले बराबर आहे, म्हणून गेले.”

“मी हेड ऑफिसला चूक कबूल करून मेल टाकतो, आपा.”

“तुमची नोकरी हाय ना?”

मी मान हलवली.

“मंग ठीक,” म्हणाल्या आणि उठल्या.

मेलला दोन शब्दांचं उत्तर आलं : नोंद घेतली. शमीम आपा आता घरी कपडे शिवतात. एखाद्या कोंबावर लॅबमधल्या पोरींचं एकमत झालं नाही, की त्या अजून आपांनाच फोटो पाठवतात. आपा सांगतातही.

मी आता पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडून वाचतो. आणि ‘रिन्यू’ लिहितो. त्याला रेघ लागत नाही.