खाट आत जाईल असं दार

आमच्या संघटनेच्या पत्रकात मी छापलं होतं : 'रत्नागिरीतल्या आर्किटेक्टांना फक्त आंबा बागायतदारांचे बंगले दिसतात. आम्हाला स्लॅबची घरं द्या!' ते वाचून एक आर्किटेक्ट बाई आमच्या सभेला आली. म्हणाली, "पहिली ओळ खरी आहे. बोलावल्याशिवाय आम्ही कुठं जात नाही. दुसरी चूक. इथल्या पावसात स्लॅब गळतो, मग त्यावर पत्रे घालत बसता."

मी वाद घातला आणि तिला पालीजवळच्या एका वाडीत नेलं. खोटी पाडायलाच.

तिथं काजूच्या कारखान्यात जाणारी एक काकी होती. तिचं मातीचं घर आदल्या पावसात बसलं होतं. नवरा आंब्याच्या कलमावरून पडून कंबरेखाली लुळा झालेला. दोघं शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहत होती. घरकुल मंजूर होतं, नमुन्याचा नकाशा आला होता. मीच भांडून आणला होता तो.

आर्किटेक्टनं तोच नकाशा चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखला, खऱ्या मापाचा. "काकी, काकांची खाट आणू या." आणली. रेघांच्या दारातून ती वळेना.

काकी माझ्यावर उखडली. "मेल्या, ह्याच्यासाठी भांडत होतास? ह्यांना काय गोठ्यातच ठेवू? पूस गो बाय त्या रेघा!"

वर्षभर मी घर मागत फिरलो. आत कोण, कसं झोपणार, हे एकदाही विचारलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्यानंही नाही. त्याचा राग अजून जात नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

आर्किटेक्टनं नव्या रेघा काकीला विचारून ओढल्या : चूल कुठं, पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडं कुठं. तेवढ्याच खर्चात जांभ्याचे चिरे, वर कौलं, रुंद दार, पुढे पडवी. कचेरीतले साहेब म्हणाले, "नमुन्याबाहेर चालत नाही."

ती म्हणाली, "सही माझी, जबाबदारी माझी. नाकारायचं तर लेखी द्या."

लेखी कोणी दिलं नाही.

पाऊस तोंडावर आला तेव्हा कौलं चढली. आम्ही चौघांनी काकांना खाटेसकट उचललं. एकानं सवयीनं खाट खांद्यावर घेतली.

"खाली धर रे! अजून जिता आहे मी," काका ओरडले.

कोणी हसलं, काकी नाही. खाट न कलंडता आत गेली. तेव्हा कुठं काकी पडवीत येऊन बसली.