बोर्डीचा समुद्र आणि शाळेतला धूर

‘आई, या, तुम्हाला बोर्डीचा समुद्र दाखवते,’ असं सुनेनं फोनवर सांगितलं आणि मी नाशिकहून निघाले. पिशवीत सतरंजी, गॉगल आणि खोक्यासकट नवी चप्पल. साल २०१५, दिवाळी नुकतीच सरलेली. जव्हारचा घाट उतरून एसटी डहाणूला पोहोचली, तेव्हा स्टँडवर चिकूच्या टोपल्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला मनीषा उभी होती. चेहरा पडलेला.

“आई, समुद्र जरा पुढे ढकलू या.”

मनीषा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) शिक्षिका. तिला जनगणना खात्याचं काम लागलं होतं. मागच्या जनगणनेत नोंदलेली कुटुंबं घरोघर जाऊन पुन्हा तपासायची. शाळेत शिक्षक दोनच, दोघेही त्याच कामावर. शाळेला कुलूप.

तिच्या गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये मला माझी पहिली जनगणना आठवली. नवी मास्तरीण मी, कडक इस्त्रीची साडी, केसांत अबोली. दारात उभी राहून ‘सरकारकडून आले आहे’ असं सांगायचे, जणू सरकार माझ्या माहेरचं. एका घरच्या कोंबड्याला ते पटलं नाही. त्यानं मला विहिरीपर्यंत पळवलं आणि मी तिथूनच ओरडून घरात माणसं किती ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मनीषाबरोबर पाड्यावर हिंडले. भात कापून झालेला, कुडाच्या (कारवीच्या काड्या शेणानं लिंपून केलेल्या) भिंतींची घरं, मधूनच ताडाची झाडं. जमनीच्या घरी बोचकी बांधणं चाललं होतं. जमनी चौथीतली. उद्या सकाळी गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडकडून टेम्पो येणार आणि आईबाप वीटभट्टीवर जाणार. मागच्या वर्षी जमनी आजीपाशी राहिली होती. या वर्षी तिचंही बोचकं बांधलेलं.

मनीषानं कारण विचारलं. आजी कोंबडीचे पाय बांधता बांधता म्हणाली, “बाई, शालेत धूर दिसला का पोर राहते. दुपारची खिचडी तिथं खाते. धूर नाय, तं मी हिला काय घालू?”

जमनी दाराशी बसून दप्तराचा पट्टा दाताखाली चावत होती.

पोर एकदा भट्टीवर गेली की पावसाळा तोंडावर आल्याशिवाय परत यायची नाही, आणि आली तरी वर्गात बसायची नाही, असं मनीषा परतताना म्हणाली. कामातून सुटका मागून झाली होती; मिळाली नव्हती. मी शाळेची किल्ली मागितली.

“आई, तुम्ही रिटायर झालात.”

“खडू धरायचा हात रिटायर झाला नाही. समुद्र दाखवणार होतीस ना? मग किल्ली दे.”

तिनं वरिष्ठांना फोन लावला. शाळा उघडणारं कुणी असेल तर उघडा, पण जबाबदारी तुमची, असं उत्तर आलं. रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाताना आम्ही खिचडी शिजवणाऱ्या ताईंना निरोप धाडला.

सकाळी ताई आल्या, तांदूळ धुतले, आणि लाकडं दहिवरानं ओली निघाली. फुंकणीनं फुंकून दोघींचे डोळे चुरचुरले, तरी चूल पेटेना. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी नव्या चपलेचं खोकं फाडून चुलीत घातलं, गॉगल चढवला आणि फुंकत राहिले. अखेर धूर निघाला, कौलांतून वर चढला, ताडांच्याही वर गेला. मग मी बाहेर येऊन घंटा बडवली.

टेम्पोत बोचकी चढत होती. जमनीची आई डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून धुराकडे बघत राहिली. मजूर न्यायला आलेला भट्टीचा मुकादम घाई करत होता. ती सरळ माझ्यापाशी आली.

“म्हातारे, किती दीस काढशील धूर?”

“माझी सून येईपर्यंत.”

“ती नाय आली तं?”

“तोवर मीच आहे.”

तिनं माझ्या काजळीनं माखलेल्या गॉगलकडे पाहिलं, तोंडाला पदर लावून हसली, आणि टेम्पोतून जमनीचं बोचकं खाली ओढलं. टेम्पो गेल्यावर जमनी बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मग दप्तर घेऊन आत आली. तिच्यामागून आणखी पोरं आली.

चार दिवसांसाठी आलेली मी, मनीषा वर्गात परतेपर्यंत राहिले. पाढे, गाणी, खिचडी. जमनीच्या घरी तपासणीला गेली तेव्हा मनीषानं आजीला विचारलं, आता घरात कोण कोण? उत्तर जमनीनं दिलं म्हणे, “आजी नं मी. बाकीची पावसाआधी येतील.”

परतीच्या एसटीत चिकूंची पिशवी मांडीवर होती आणि साडीला धुराचा वास. माणसं मोजायला माणसं लागतात, ती कुठून तरी उचलावीच लागणार, हे मला मान्य आहे. पण उचलताना त्यांच्या रिकाम्या जागेवर कोण बसणार, तेही त्याच दिवशी ठरवायला हवं. दर वेळी कुणाची सासू समुद्र बघायला निघालेली असेलच असं नाही.

शेजारणींनी विचारलं, बोर्डी कशी होती? म्हटलं, बघायची राहिली. गॉगल मात्र फार उपयोगी पडला.