कॉम्प्युटरचा ए.सी.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामांत कॉम्प्युटर दुरुस्त करायला तिघं-चौघं यायचे. त्यांतला खरं बोलणारा एकच होता, आणि सगळ्यांना त्रास त्याचाच होता. पंढरी त्याचं नाव, राहायला खारबावला. कॉम्प्युटरच्या आधी तो भिवंडीत लूमवर जॉबर होता, म्हणजे लूम अडला की पाना घेऊन धावणारा. तिथून त्याला काढलं. मालकानं विचारलं होतं की लूम सारखे बंद का पडतात, आणि यानं सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, शेट, तुम्ही फाटके पट्टे शिवून परत लावता म्हणून. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवंच असतं, असा पंढरीचा गैरसमज होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

पुढे त्यानं सहा महिन्यांचा क्लास केला आणि पान्याच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर आला, पण पद्धत लूमचीच राहिली. मोटर तापली का हे बघायला जॉबर तिच्यावर तळहात ठेवतो आणि दहा मोजतो. दहापर्यंत हात टिकला तर मोटर ठीक. पंढरी कॉम्प्युटरच्या डब्यावरही तसाच हात ठेवून, डोळे मिटून मोजायचा. बघणाऱ्याला वाटे, मंत्र म्हणतोय. दुसरी सवय म्हणजे काम झालं की डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर, आतल्या अंगाला, काळ्या स्केचपेननं तारीख आणि बिघाडाचं खरं कारण लिहायचं. पुढच्या कारागिराला उपयोगी पडतं, म्हणायचा. पुढचा कारागीरही बहुतेक तोच असायचा.

माझा त्याच्यावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मी शेजारच्या गाळ्यात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क. एकदा माझा कीबोर्ड बंद पडला आणि मी साहेबांना सांगितलं की उंदरांनी काहीतरी केलंय. पंढरी आला, त्यानं कीबोर्ड उलटा केला, नाकाशी धरला आणि साहेबांकडे बघून म्हणाला, "उंदरानं आल्याचा चहा सांडलाय." साहेब हसले नाहीत. तेव्हापासून मी त्याला हरिश्चंद्र म्हणायला लागलो, आणि ते नाव गोदामांच्या पट्ट्यात सगळीकडे चिकटलं.

तर आमच्या बाजूचं कापडाच्या ताग्यांचं गोदाम केसरीनाथशेटचं. मूळचे अंजूरचे, भातशेती आणि खाडीतली मासेमारी करणारं घर. जमिनींवर गोदामं उभी राहिली आणि केसरीनाथचा केसरीनाथशेट झाला. माणूस हाताचा सढळ, मनानंही वाईट नाही. फक्त ऊन, उकाडा, घाम या गोष्टी माणसाला लागतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही वैशाखात खाडीच्या चिखलात उभं राहिलो, आम्हाला काय झालं, असं ते विचारायचे. स्वतःही दिवसभर गाळ्याच्या तोंडाशी, तापलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायचे, त्यामुळे त्यांना दांभिक म्हणायचीही सोय नव्हती.

गाळ्याच्या आत प्लायवूडची एक केबिन होती. वर सिमेंटचा नाही, लोखंडी पत्रा. त्या केबिनीत कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर हेमाली. किती तागे आले, किती गेले, चलन काढा, छापा, असं तिचं काम. आतल्या बाजूच्या गावातली मुलगी, नवरा रघू टेम्पो चालवायचा. दोन हजार सहाच्या मे महिन्यात तिला सहावा महिना होता. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ती चक्कर येऊन टेबलावरच पडली. केसरीनाथशेटनी तातडीनं लिंबूसरबत मागवलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली आणि घरून बायकोच्या, राहीबाईंच्या, हातचे नाचणीचे लाडू पाठवले. टेबलफॅन मात्र होता तोच राहिला. ऊन वाढलं की तो गरम वारा जरा जोरात फेकायचा, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर पडला.

म्हणजे दुपारी बारा वाजले की वीस-पंचवीस मिनिटं चालून आपोआप बंद व्हायचा. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेटना आधी विजेचा संशय आला म्हणून स्टॅबिलायझर आला. मग यू.पी.एस. आला. मग ठाण्याहून एक जण आला, त्यानं व्हायरस आहे म्हणून सगळं पुसून नव्यानं भरलं, आणि जाताना नवं भरलेलंही बंद पडताना पाहून गेला. राहीबाईंनी लिंबू-मिरची बांधली. शेवटी कुणीतरी म्हणालं, मशीनला गरम होत असेल. हे ऐकून शेटचा चेहरा पडला. दारातली गुरं उपाशी दिसल्यावर पडावा तसा. दुसऱ्याच दिवशी मुलाच्या, सार्थकच्या, खोलीतला दीड टनाचा ए.सी. उतरवून केबिनीत बसवला. चपला बाहेर काढायच्या, दार उघडं टाकायचं नाही, आणि कामाशिवाय कुणी आत जायचं नाही, असे नियम झाले. मला त्या महिन्यात हेमालीकडे फार कामं निघाली.

एक माणूस आणि एक मशीन एकाच खोलीत एकाच कारणानं आजारी पडले. माणसाला सरबत मिळालं आणि मशीनला ए.सी. मिळाला. मला तेव्हा ह्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मीही गारव्याला बसलेलो होतो. हेमालीचा मात्र रंग पालटला. सुजलेले पाय उतरले, दुपारचा डबा पोटात टिकायला लागला. डॉक्टरांनी तिला उकाड्यात बसू नका असं सांगितलं होतं. नोकरी सोडायची नाही असं घरच्या गरजेनं सांगितलं होतं. त्या दोघांचंही ऐकायची सोय त्या ए.सी.नं केली.

पण कॉम्प्युटर अजून दिवसातून एकदा-दोनदा बंद पडतच होता. म्हणून सतरा मेला पंढरीला बोलावलं.

त्यानं चपला बाहेर काढल्या, डब्यावर तळहात ठेवला आणि मोजायला लागला. चारलाच हात काढला. मग मशीन सुरू होतानाच एक कळ दाबून निळ्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान काढलं. नव्वदच्या पुढे. एवढ्या गारव्यात नव्वद म्हणजे ताप हवेचा नाही, आतला आहे, असं तो म्हणाला आणि डबा उघडला. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, प्रोसेसरची उष्णता तो ओढून घेतो आणि वरचा छोटा पंखा ती उडवतो. त्या पात्यांमध्ये ताग्यांची रुई इतकी घट्ट बसली होती की पंखा नुसता गोधडीवर वारा घालत होता. खरा घोळ त्याच्याही खाली होता. ठोकळा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो, त्यांतली एक तुटली होती. ठोकळा एका बाजूनं केसभर उचललेला. मधली पेस्ट वाळून तिचा भुगा झाला होता.

पंढरीनं दात घासायच्या ब्रशनं रुई काढली, जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, आणि तुटक्या खुंटीच्या जागी लूमच्या तारेनं असा काही पीळ घातला की चारही कोपरे सारखे बसले. मग हेमालीला म्हणाला, "ताई, एक तास ए.सी. बंद करावा लागंल. त्याबिगर खरं काय ते कळायचं न्हाय."

शेट जमिनीच्या मोजणीला गेले होते. मी उठून जायला हवं होतं, पण हरिश्चंद्राची फजिती बघायला मिळेल या आशेनं बसलो. दुपारचे दोन वाजलेले. ए.सी. बंद झाला आणि दहा मिनिटांत पत्रा खाली उतरल्यासारखा वाटायला लागला. पंढरीनं तापमान दाखवणारा एक प्रोग्राम चालू ठेवला होता, त्यातले आकडे तो बघत होता. पन्नास. बावन्न. चोपन्न. तिथेच थांबले. त्यानं एकाच वेळी चार कामं लावली, प्रिंटर चालवला, मशीननं हूं की चूं केलं नाही. इकडे हेमालीनं पदर ओला करून मानेवर ठेवला, मग खुर्ची भिंतीला लावली, मग टायपिंग थांबवून दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसती श्वास घेत बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं तक्रार केली नाही, पण तासाची चाळीस मिनिटं झाली असताना पंढरीनं उठून ए.सी. सुरू केला. मशीन पास झालं होतं.

हेमालीला काय ते समजलं. ती म्हणाली, "दादा, मशीन बरं झालं ना? शेटना तसंच सांगा. माझ्यापायी तुमची जीभ बाटवू नका."

पंढरीनं पाणी मागितलं आणि प्यायला नाही.

तेवढ्यात शेट आले. मशीन चालू बघून खूश झाले. दारातूनच म्हणाले, "पंढरी, आता ए.सी. काढला तर चालंल का? सार्थक घरात माझा डोका खातंय. तू काय बोलशील तसा करू. तू खोटा बोलणारा न्हाय."

मी त्याच्याकडे बघत होतो. लूमची नोकरी गेली तेव्हा ज्या माणसाला दोन शब्द गिळता आले नव्हते, तो खालच्या फरशीकडे बघत म्हणाला, "काढू नका, शेट. सोसायचं न्हाय."

काय सोसायचं नाही आणि कुणाला, हे त्यानं सांगितलं नाही. शेटनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन घरी फोन लावला. ते गेल्यावर पंढरीनं पत्र्यावर लिहायला घेतलं. नेहमी एक ओळ लिहायचा, त्या दिवशी बराच वेळ लिहीत होता. मग पत्रा बसवला, स्क्रू आवळले आणि चहा न घेता गेला.

मी हे सोडणार नव्हतो. पुढची दोन वर्षं तो भेटेल तिथे मी त्याला टोचलं. काय हरिश्चंद्र, आज काय सोसत नाही, असं विचारायचो. तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. हेमालीला मुलगी झाली, चार महिन्यांनी ती कामावर परत आली, ए.सी. होता तिथेच राहिला. पंढरी दर सहा महिन्यांनी येऊन डबा साफ करायचा, शेट दर वेळी तोच प्रश्न विचारायचे आणि तो दर वेळी तेच उत्तर द्यायचा. दोन हजार आठच्या श्रावणात तो काविळीनं गेला. खारबावला मी गेलो नाही. जायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शेटनी नवा कॉम्प्युटर घेतला. विकणाऱ्यानं सांगितलं की नव्या मशीनला ए.सी.बिसीची काही गरज नसते. सार्थकचं लग्न ठरलं होतं, खोलीत ए.सी. परत हवा होता, दोन माणसं शिडी घेऊन येऊन उभी होती. हेमाली नव्या मशीनसमोर बसून शिडीकडे बघत होती. तिला पुन्हा पाचवा महिना होता. जुना डबा शेटनी मला देऊन टाकला आणि मी तिथेच, काही सुटे भाग निघतात का बघायला, त्याचा बाजूचा पत्रा काढला.

आत पंढरीचं अक्षर होतं.

"१७-५-०६. रुई काढली. पेस्ट नवी. खुंटी तारेनं बांधली. ए.सी. बंद ठेवून तपासलं, मशीनला ए.सी. लागत नाही. हेमालीला लागतो. शेटना उलट सांगितलं. पंढरी." त्याच्याखाली चार तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच ओळ: "साफ केलं. पुन्हा उलट सांगितलं." शेवटची अक्षरं वेडीवाकडी होती, तेव्हा तो आजारी असणार. मला माझीच लाज वाटली.

शेट चष्मा घरी विसरले होते. शिडीवाल्यांना थांबवून त्यांनी मला विचारलं, "पंढरीचा अक्षर हाय ना त्यो? ह्या नव्या लोकांवर माझा इश्वास न्हाय. ए.सी.चा काय लिवलाय का बघ. मोरू, वाच."

माझ्या बोलण्यावर त्या पट्ट्यात कुणी पैजेलासुद्धा विश्वास ठेवला नसता. पण पंढरीच्या अक्षरावर सगळ्यांचा होता. मी पत्रा उजेडात धरला, बोट ओळीवर ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "या जागेत ए.सी. लागतो. मशीन बदललं तरी काढू नये. पंढरी."

शेट शिडीवाल्यांना म्हणाले, "जावा तुम्ही. पंढरी कवा खोटा बोलला न्हाय."

हेमालीला मी पत्रा दाखवला नाही. उलटा करून, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून, घरी घेऊन आलो.