कावेरीअक्कांची गाळीवीणे

येतो म्हणून कळवलं की लोक साधारणपणे ‘गाडी कोणती?’ असं विचारतात. बेंगळूरच्या कावेरीअक्कांनी उलट टपाली विचारलं, ‘वजन किती?’ अक्का म्हणजे माझ्या आत्याची नणंद. मी मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवतो, सुट्टीत फिरतो आणि अंगाने भरपूर आहे. त्यांच्याकडची खाट मोडकी असावी असं समजून मी अंदाजे आकडा कळवला आणि गाडीत बसलो.

हुबळी मागे पडली, अरसीकेरे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी यशवंतपूरला गाडी इतकी रेंगाळली की उतरून चालत गेलो असतो तरी चाललं असतं. बेंगळूर सिटी स्टेशनवर नऊवारीतल्या एक काटक बाई उभ्या होत्या. मी नमस्काराला वाकलो, तर त्यांनी दंड धरून मला थेट वजनाच्या यंत्रावर चढवलं. यंत्रात जुना आणा टाकायचा की नवे पैसे, यावरून हमालाशी त्यांची जुंपली. अखेर तिकीट पडलं.

“एकशे नव्वद पौंड,” अक्का हिरमुसल्या. “आमचे हे एकशे शहाण्णव होते. सरी (ठीक आहे), चार दिवस आहेत. खाऊन होईल.”

जटक्यात (इथला टांगा) बसल्यावर उलगडा झाला. अक्का लहानपणापासून वीणा वाजवायच्या. चाळिशीत बोटांचे सांधे धरले आणि वीणा सुटली. त्यांचे यजमान रामराव रेडिओ दुरुस्त करायचे. बायको वीणेकडे बघून रडते हे त्यांना बघवेना. मग त्यांनी परदेशी मासिकातला नकाशा बघून एक पेटी केली. पेटीला एक उभी काठी आणि बाजूला एक कडं. हात न लावता काठीजवळ नुसता हलवला की सूर निघतो. लोकांनी तिला नाव दिलं गाळीवीणे, म्हणजे वाऱ्याची वीणा.

“पहिल्यांदा शेजारच्या लग्नात वाजवली,” अक्का सांगत होत्या. “अर्धे लोक भूत म्हणून पळाले, उरलेल्यांनी नारळ फोडला. नवऱ्यामुलीची आजी मात्र खूश. म्हणाली, शिवायचं नाही, चामडं नाही, हे तर सोवळ्यातलं वाद्य! मग काय, देवळं झाली, मुंजी झाल्या, होसकोट्याच्या जत्रेत तर हत्तीच्या शेजारी बसून वाजवली. हत्तीने कान हलवला की माझा पंचम हलायचा.”

पेटीजवळ कुणीही आलं की सूर बदलतो. रामराव मात्र डावीकडे खुर्ची टाकून बसायचे, कारण आतले रेडिओचे दिवे केव्हा दगा देतील याचा नेम नसे. त्यामुळे पेटी त्यांनी स्वतःला जमेस धरूनच सुरात लावली होती. वर्षापूर्वी रामराव गेले आणि पेटी बेसूर झाली.

“मग दुसऱ्या कुणाकडून नीट लावून घ्या,” मी म्हणालो.

“झाकण त्यांनी लावलंय. मी उघडू देणार नाही.”

रामनवमीच्या मंडपात त्यांचं वाजवणं ठरलं होतं आणि त्या खुर्चीत रामरावांच्या मापाचा माणूस हवा होता. तो माणूस मी.

पुढचे चार दिवस मी बेंगळूर पाहिलं ते ताटातून. सकाळी लोण्यात बुडालेला मसाल दोसा, दुपारी बिसी बेळे भात (डाळ-भाज्या घालून शिजवलेला गरम भात), संध्याकाळी म्हैसूर पाक. “स्वल्प घे अण्णा,” म्हणत अक्का वाढायच्या, आणि त्यांचं स्वल्प माझ्या घरच्या पंगतीला पुरलं असतं. रोज सौदे डिपोत (जळाऊ लाकडाची वखार) मोठ्या काट्यावर माझं वजन व्हायचं. तिसऱ्या दिवशी डिपोवाल्याने अक्कांना गंभीरपणे विचारलं, “अक्का, यांना कधी विकणार?”

जेवणं सोडून उरलेला वेळ बसण्याच्या सरावात जायचा. डास चावला तरी हलायचं नाही. मी मान खाजवली की पेटी किंचाळायची. असाच एकदा अक्कांनी हात खाली घेतला.

“बारा वर्षं मी वाजवलं अण्णा, आणि नाव झालं यांचं. लोकांना वाटायचं, हा बसलेला माणूस योगबळाने वाजवतो, बाई नुसती वारा घालते. हे बिचारे लाजून गप्प राहायचे. एकदा, एकदाच, लोकांनी म्हणावं की ही वाजवते. पण सूर पाहिजे तर खुर्चीत कुणी तरी पाहिजे, आणि कुणी बसलं की नाव त्याचं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी उरलेला म्हैसूर पाक संपवला.

रामनवमीला मी एकशे शहाण्णव पौंड भरलो. मंडपात पानक (गुळाचं सरबत) आणि कोसंबरीचे (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) द्रोण फिरत होते. अक्कांनी हात उचलला आणि सूर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. काट्याने सूर बिघडेल की काय या धास्तीने तोही मी दाबला. पण लोक बघत होते माझ्याकडे! पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला हात जोडले. पहिली रचना संपताच उत्सवाचे सेक्रेटरी हार घेऊन वर आले, अक्कांना वळसा घालून माझ्याकडे आले आणि तो माझ्या गळ्यात घातला. “एनु तपस्सु! (काय हे तप!)” ते गहिवरून म्हणाले.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून जमिनीकडे बघत होत्या. मला स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती.

“अक्का, मी उठतो.”

“वेडा का? सूर जाईल.”

“तुम्हाला सापडेल तो.”

मी खुर्ची उचलली आणि हारासकट खाली जाऊन अगदी मागे, पानकाच्या घागरींपाशी उभा राहिलो.

पुढचा सूर शेपटीवर पाय पडलेल्या मांजराचा होता. मंडप हसला. सेक्रेटरी मला शोधायला धावले. अक्कांनी डोळे मिटले. अंधारात काडेपेटी चाचपावी तसा त्यांचा हात हवेत फिरत राहिला, वर, खाली, जरा मागे. हसणारे हसून दमले. आणि मग नव्या जागी षड्ज लागला. हात सोडले तर त्या तसूभर हलल्या नाहीत. मोहन राग उलगडू लागला, पुढच्या रांगेतले हात मांड्यांवर ताल धरू लागले, आणि हात जोडणारे आजोबाही डोळे मिटून डोलू लागले.

संपल्यावर सेक्रेटरी दुसरा हार घेऊन वर गेले. त्यांनी डावीकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. पेटीच्या मागे वाकून पाहिलं, तिथेही कुणी नव्हतं. ते हार धरून घुटमळत राहिले.

“नुडिसिद्दु नानु,” अक्का मोठ्याने म्हणाल्या. वाजवलं ते मी.

सगळा मंडप उभा राहिला.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारच्या माणसाला निम्म्याच बाकावर बसावं लागलं. तोंड वाकडं करून तो म्हणाला, “बेंगळूरला काय पाहिलंत?” पाहिलं तसं काहीच नव्हतं, ना राजवाडा ना बाग. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्या कलेची एक सेवा माझ्या हातून घडली आहे. मी वेळेवर उठून गेलो.